आवाज येऊन नाही राहिला, मॅडम

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आवाज नहीं आ रहा है." मराठी माणूस असला तर, "आवाज येऊन नाही राहिला." दुसरं वाक्य मात्र प्रत्येकाचं वेगळं. कोणी म्हणतो मुलानं काहीतरी दाबलं, कोणी म्हणतो दुकानदारानं फसवलं, कोणी नुसताच बायकोकडे बघतो. किस्से जमतात ते या दुसऱ्या वाक्यापासून. मी बारा वर्षं ऐकते आहे. घरी जेवताना एखादा सांगितला की माझी वहिनी विचारते, "दीदी, हे सगळं तुमच्याच दुकानात काहून होते?" सगळ्याच दुकानांत होत असेल. बाकीचे विसरत असतील, मी विसरत नाही.

दुकान ओमतीत, आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या बाजारात, एका जिन्याखाली. मालक गजभिये सर. ते खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मोजमापाची यंत्रं तपासायचे. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून दुकान टाकलं. आमच्याकडे विकणं कमी, जोडणं जास्त. लोकांच्या घरी नवा टीव्ही येतो, जुना ॲम्प्लिफायर असतो, मुलगा पुण्याहून साउंडबार पाठवतो, आणि ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना बोलतं करणं हे आमचं काम.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा सरांनी सर्टिफिकेट बघितलंच नाही. समोर एक टीव्ही, एक ॲम्प्लिफायर आणि वायरींचा गुंता ठेवला. म्हणाले, "आवाज काढून दाखव." मी काढला. म्हणाले, "उद्यापासून ये. आणि एक लक्षात ठेव, इथं कोणापुढे आवाज खाली करायचा नाही." ते ॲम्प्लिफायरबद्दल बोलताहेत असं मला तेव्हा वाटलं.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सर बँकेत गेले होते. एक सफारीवाले गृहस्थ आले. दुकानभर नजर फिरवली, मला ओलांडून मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोई है नहीं क्या?"

मी म्हटलं, "मी आहे न."

"नहीं, कोई आदमी."

मी म्हटलं, आदमी बँकेत गेलाय. बसा.

ते बसले. हातात एक काळी बारीक वायर होती. मला लांबूनच दिसलं, ऑप्टिकल आहे. म्हणजे जिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो ती. टीव्ही आवाजाचे आकडे करतो, त्या आकड्यांप्रमाणे एक लाल दिवा लुकलुकतो, आणि दुसऱ्या टोकाचा स्पीकर तो दिवा वाचतो. मी एकदा विचारलं, "दाखवता का?" त्यांनी वायर दुसऱ्या हातात घेतली. मी पुन्हा नाही विचारलं. त्यांनी पेपर वाचला, जांभया दिल्या, घड्याळ पाहिलं. मी एक जुना स्पीकर उघडून सोल्डरिंग करत बसले.

चाळीस मिनिटांनी सर आले. गृहस्थ उठले आणि सगळं सरांना सांगितलं. वायर खराब निघाली, बदलून आणली, तीपण खराब निघाली, आता तिसरी घ्यायची हिंमत नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम को दिखाइए."

मी वायर घेतली. दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या होत्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या. आतल्या काचेला ओरखडा पडू नये म्हणून कारखान्यातून घालून येतात. यांनी टोप्यांसकट दाबून बसवली होती. मी एक टोपी काढली, दुसरी काढली, दोन्ही काउंटरवर ठेवल्या आणि वायर आमच्या टीव्हीला लावली. मोकळ्या टोकातून लाल ठिपका त्यांच्या शर्टावर पडला.

त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं. मग सरांना म्हणाले, "बस, इतना ही था?"

सर म्हणाले, "इतना ही था. इसके लिए आप चालीस मिनट बैठे रहे."

* * *

ऑप्टिकलचाच दुसरा किस्सा सराफ्यातल्या एका सोनारांचा. माणूस शौकीन. घरात गाण्याची वेगळी खोली. त्यांनी कुठूनतरी एक ऑप्टिकल वायर आणली होती, दोन्ही टोकं सोन्याच्या मुलाम्याची, मखमलीच्या डबीत. आम्हाला फक्त जोडायला बोलावलं होतं.

मी जोडली. गाणं लागलं, छान वाजलं. सोनार डोळे मिटून म्हणाले, "देखा, सोने का फ़र्क़." सर तोंड दाबून बसले असते तर बरं झालं असतं. पण सरांना ते जमत नाही. ते म्हणाले, "भाईसाब, इसमें करंट नहीं जाता, रोशनी जाती है. रोशनी सोने का क्या करेगी?"

सोनार चिडले. म्हणाले, तुम्ही विकत नाही म्हणून बोलताय. सर म्हणाले, बरं, पाठ करून बसा. प्रज्ञा वायर बदलेल, तुम्ही सांगा कोणती सोन्याची. मी आमच्या पिशवीतली साधी वायर काढली. पाच वेळा गाणं लावलं. सोनारांनी पाचही वेळा ठामपणे सांगितलं, आणि तीनदा साध्या वायरीला सोन्याची म्हणाले.

मला वाटलं आता आम्हाला हाकलतील. सोनार उठले, खाली दुकानात गेले. आम्ही सामान आवरायला लागलो. पाच मिनिटांनी वर आले तेव्हा हातात त्यांचा कसाचा काळा दगड होता आणि ॲसिडची बाटली. त्यांनी त्या वायरीचं टोक दगडावर घासलं, थेंब टाकला, चष्म्यावर चष्मा लावून पाहिलं. रेघ पुसून गेली.

"सोना है ही नहीं," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "पीतल पे पॉलिश है."

सरांनी त्यांची समजूत घातली, "अरे, होता तो भी कोई फ़र्क़ नहीं पड़ता."

सोनारांनी दगड फडक्यानं पुसला. "आपको नहीं पड़ता होगा. मुझे कल से वापस सराफ़े में बैठना है."

* * *

खमरियाच्या क्वार्टरमधल्या वानखेडे मावशींचा साउंडबार मुका झाला होता. मुलानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये हात घातला आणि तेव्हापासून सिनेमा लावला की चित्र हलतं, आवाज नाही. मी गेले तर मुलगा समोरच होता, कॉलेजातला. आईनं मराठीत विचारलं, "काय केलं होतं रे तू, सांग न ताईला." त्यानं हिंदीत उत्तर दिलं, "मम्मी, मैंने बस बिटस्ट्रीम किया था."

मला कळलं. टीव्हीतून आवाज दोन पद्धतींनी बाहेर पडतो. एका पद्धतीत आकडे साधे, सुटे जातात. ते कुठलाही स्पीकर वाचतो. त्याला पीसीएम म्हणतात. दुसरीत आकडे गठ्ठा बांधून जातात, ते बिटस्ट्रीम. तो गठ्ठा सोडता येणारा स्पीकर लागतो. मावशींचा साउंडबार साधा होता, त्याला गठ्ठा सोडता येत नव्हता.

मी पीसीएम केलं, आवाज आला. मुलगा गेला. पण मावशींना नुसता आवाज नको होता, काय झालं ते समजून घ्यायचं होतं. आता बिटस्ट्रीम कसं सांगणार? मला सुचलं ते बोलले. म्हटलं, "मावशी, असं समजा, टीव्ही मराठीत बोलून राहिला होता आणि स्पीकरला फक्त हिंदी समजते."

मावशी म्हणाल्या, "मग तू काय केलं?"

"टीव्हीला हिंदीत बोलायला लावलं."

मावशींचा चेहरा पडला. मुलगा ज्या दारातून गेला तिकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "हेच तर सगळे करून राहिले. त्या स्पीकरला मराठी काहून नाही शिकवत कोणी?"

मी म्हटलं, तसे स्पीकर असतात, पण हा तसा नाही. एवढ्यासाठी बदलायची गरज नाही, आवाज चांगला येतोय.

पुढच्या आठवड्यात मावशी बसनं ओमतीला आल्या. मांडीवर साउंडबारचा लांबलचक खोका. काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा ठेवून घे. दुसरा दे. समजणारा."

* * *

आता जरा वेगळा किस्सा. हा मी फार लोकांना सांगत नाही.

नेपियर टाउनमध्ये एक मराठी घर. नवा टीव्ही, आणि जुना, वजनदार, सुंदर ॲम्प्लिफायर. टीव्हीच्या मागे फक्त ऑप्टिकलचं भोक, ॲम्प्लिफायरला फक्त लाल-पांढऱ्या पिना. मध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा लागतो. तो प्रकाशातले आकडे वाचतो आणि त्यांचा पुन्हा आवाज करून लाल-पांढऱ्या वायरींत सोडतो. मी तो घेऊन गेले होते.

घरातल्या वहिनी हौसेनं बोलत होत्या. मराठी तंत्रज्ञ, तीही बाई, म्हणून खूश होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"मेश्राम."

"अच्छा. म्हणजे नागपूरकडचे?"

"आजोबा तिकडून आले होते."

"अच्छा," त्या म्हणाल्या. आणखी काही विचारलं नाही. आत गेल्या. चहा आला. त्यांचा, त्यांच्या नवऱ्याचा आणि सासऱ्यांचा फुलांच्या कपात, माझा कागदाच्या पेल्यात. ट्रे एकच होता.

मी पेला टीव्हीच्या बाजूला ठेवला आणि काम पुरं केलं. वायरी सरळ केल्या, डबा मागे चिकटवला. सासरे खुर्चीत बसून बघत होते. ऐंशीच्या वरचे असतील. मी म्हटलं, "आता टेस्टिंग करते." टीव्हीला माझा फोन जोडला.

चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत सकाळी सगळ्यात आधी एक भीमगीत लागतं. ढोलकी अशी की छातीत वाजते. ते लावलं. ॲम्प्लिफायर जुना, दणकट, कधीपासून मुका बसलेला. त्यानं घर भरून टाकलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. नवऱ्यानं वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी जमिनीकडे.

पहिलं कडवं झालं. वहिनी म्हणाल्या, "झालं न?"

मी म्हटलं, "हा डावा स्पीकर झाला. उजवा राहिला."

पुन्हा सुरुवातीपासून लावलं. उजवा झाला. नवरा म्हणाला, "बरोबर येतोय की."

"दोन्ही मिळून बघावे लागतात," मी म्हटलं. "डबा गरम होतो का तेही बघायचं असतं. पूर्ण गाणं लागतं त्याला."

पूर्ण गाणं लागलं. मी मधोमध उभी होते, हात मागे बांधून. गाणं संपल्यावर मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

तेव्हा ते म्हातारे खुर्चीतून म्हणाले, "आणखी एक लावा. पहिल्यांदा नीट ऐकू आलं आज." मग सुनेकडे बघून म्हणाले, "आणि हिला कपात चहा दे. तो निवला."

मी आणखी एक लावलं. चहा नाही घेतला.

* * *

माझ्या चुका नाहीत असं कोणाला वाटू नये, म्हणून हा. एका वकीलबाईंच्या नव्या घरात मी वायर भिंतीच्या कडेनं सुंदर नेली होती, दर वीतभर अंतरावर क्लिप ठोकून. आवाज आला, त्यांनी पेढे दिले. आठ दिवसांनी फोन, आवाज जातो-येतो. मी गेले, टीव्हीला दोष दिला. पुन्हा गेले, साउंडबारला दोष दिला. तिसऱ्यांदा सर सोबत आले. त्यांनी काही न बोलता दिवे मालवले आणि पडदे ओढले. अंधारात भिंतीच्या कडेला एका जागी लाल प्रकाश झिरपत होता. माझ्या क्लिपचा खिळा वायरीच्या अगदी पोटातून गेला होता.

मी वकीलबाईंना सांगितलं, चूक माझी आहे, टीव्हीला नावं ठेवली ती परत घेते. त्या म्हणाल्या, माझ्या धंद्यात असं कोणी कबूल करत नाही, आणि त्यानंतर आपल्या चार मैत्रिणींना आमच्याकडे पाठवलं.

सरांनी रस्त्यात स्कूटर चालवत फक्त एवढंच म्हटलं, "तीन मिलिमीटरची वायर. तिच्या बरोबर मध्यातून खिळा. मी फॅक्टरीत इतकं अचूक काम कमी पाहिलं."

* * *

आता माझे बाबा. तेही फॅक्टरीतलेच, दारूगोळ्याच्या चाचणीच्या बाजूला होते. तिथं कानात बोळे घालायला द्यायचे. बाबा घालत नसत. त्यांना ते भित्रेपणाचं वाटायचं. रिटायर झाले तेव्हा कानांनी निम्मं काम सोडलं होतं. हे मात्र त्यांनी कधी मान्य केलं नाही.

टीव्ही शंभरावर. शेजारी भिंत ठोकायचे. वहिनीच्या लेकीचा अभ्यास होईना. आई बोलायची, दादा बोलायचा, आणि शेवटी एक दिवस बाबांनी टीव्ही बघणंच सोडलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. रस्त्याकडे बघत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "टीव्हीत काही नसते आजकाल." महिनाभर हे चाललं. दिवसभर लोकांच्या घरी आवाज काढणारी मी, आणि माझे बाबा गॅलरीत.

मी आधी ब्लूटूथचे हेडफोन आणले. बाबा म्हणाले, "मी बहिरा नाही." मी म्हटलं, नाहीच. दुकानासाठी टेस्टिंग करायचं आहे, तुम्ही फॅक्टरीत टेस्टिंग केलंय, सांगा कसे आहेत. तेव्हा घातले. पाच मिनिटांत काढून ठेवले. "बेकार आहे. माणूस तोंड आधी हलवते, बोलते नंतर." बरोबरच होतं. त्या हेडफोनला आवाज उशिरा पोचत होता. कान निम्मे गेले होते, पण चाचणीवाल्याची नजर शाबूत होती.

मग मी टीव्हीच्या ऑप्टिकलमधून वायर काढून एका छोट्या डब्यात नेली आणि त्या डब्याला वायरवाले हेडफोन लावले. आता ओठ आणि आवाज बरोबर. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर घरच्यांसाठी हळू, आणि बाबांच्या कानात त्यांना हवा तेवढा. डब्यावर आवाजाचं बटण होतं, ते त्यांच्या हातात दिलं.

बातम्या चालू होत्या. बाबांनी बटण फिरवलं. आणखी फिरवलं. मग थांबले. दहा मिनिटं नुसते ऐकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादाही थांबला. बाबांचे डोळे भरले होते, आणि आम्हाला वाटलं, आता म्हणतील, कान गेले होते माझे.

बाबांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

"मी म्हणत होतो न," ते म्हणाले. "टीव्हीचाच आवाज कमी होता."

* * *

आणि शेवटी पाठककाकू.

राइट टाउनमध्ये राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, आता सत्तरीच्या. काका रेल्वेतून रिटायर. काकू एकट्याच दुकानात आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पर्समधून वही काढली. म्हणाल्या, "मला चांगले स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घ्यायचे आहेत, माझ्या पेन्शनमधून. टीव्हीवर गाण्यांच्या मैफली लागतात, त्या ऐकायच्या आहेत. पण आधी मला जोडायच्या पद्धती समजावून सांग. सगळ्या."

इतकं कोणी विचारत नाही. मी सांगायला लागले, त्या लिहायला लागल्या. म्हटलं, सगळ्यात सोयीची एचडीएमआय. टीव्हीवर एआरसी लिहिलेलं भोक असतं, त्यातच लावायची, शेजारच्यात लावली तर आवाज येत नाही. एकच वायर, आणि टीव्हीच्याच रिमोटनं स्पीकरचा आवाज कमी-जास्त होतो. दुसरा रिमोट शोधावा लागत नाही.

"आणि दुसरी?"

"दुसरी ऑप्टिकल. जुनी पद्धत. आवाज चांगलाच येतो, पण एक अडचण आहे. टीव्हीच्या रिमोटनं तो हलत नाही. ॲम्प्लिफायरचा रिमोट वेगळा ठेवावा लागतो."

काकूंनी पेन उचललं. "हलत नाही म्हणजे?"

"म्हणजे टीव्हीचं बटण दाबलं तरी आवाज तेवढाच राहतो."

"कितीही दाबलं तरी?"

"कितीही."

काकूंनी वही मिटली. "हीच लावा."

मी म्हटलं, काकू, त्यात गैरसोय होईल. त्या म्हणाल्या, "कोणाची?" मग जरा थांबून त्यांनी सांगितलं. लग्न झालं तेव्हापासून त्या घरात गाणं हळू लागतं. ड्युटीवरून आल्यावर काकांना शांतता लागायची. रेडिओ होता तेव्हा उठून बटण पिळायचे. टीव्ही आल्यावर उठावंही लागेना. रिमोट त्यांच्या खुर्चीच्या हातावर असतो, आणि तान वर चढायला लागली की अंगठा दाबला जातो. "मी आजवर एकही गाणं वरपर्यंत ऐकलेलं नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना कळतसुद्धा नाही की ते दाबतात."

मी ऑप्टिकल लावून दिली. काका खुर्चीत बसून बघत होते. ॲम्प्लिफायरचा रिमोट काकूंनी पर्समध्ये टाकला आणि पर्स मांडीवर घेतली. मैफल लागली. गाणारी बाई वर चढायला लागली. काकांचा अंगठा दाबला गेला. पुन्हा दाबला गेला. त्यांनी रिमोट उलटा करून पाहिला, तळव्यावर आपटला.

काकू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "सेल गेले असतील."

तीन-चार महिने गेले. एक दिवस दुपारी दुकानात काकांचा फोन. "ती मुलगी आली होती, तिलाच पाठवा. आत्ता." मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, जा, आणि खरं काय ते सांग.

दार काकांनीच उघडलं. काकू भजनी मंडळात गेल्या होत्या. मी उभीच होते. काका म्हणाले, "ती ऑप्टिकल आहे न?"

मी मान हलवली.

"मी रेल्वेत सिग्नल-टेलिकॉमला होतो. स्टेशनास्टेशनांमधून ही काचेची तार टाकण्यात नोकरीची वर्षं गेली माझी. तू लावत होतीस तेव्हाच लाल उजेड दिसला होता मला."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी."

मी म्हटलं, "काका, एचडीएमआय लावून देऊ का? तुमच्या रिमोटनं—"

"नको," ते म्हणाले. "सकाळी झाडताना कपाट सरकलं आणि तार मोडली. आवाज बंद आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, नाहीतर मीच केलं असतं. ती पाच वाजता येते. तिच्या आधी होती तशीच बसवून दे."

मी कपाटामागे शिरले. वायर खरंच दुमडून मोडली होती. नवी काढली, टोप्या काढल्या, लावली. आवाज आला. मी धूळ झटकत उठले, तेवढ्यात फाटक वाजलं आणि काकू आत आल्या. मला बघून दारातच थांबल्या. पर्स घट्ट धरली.

"ही कशाला आली?"

"मी बोलावलं," काका म्हणाले. "रिमोट बघायला. चालत नाही न तो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सेल बरोबर आहेत, काकू. रिमोटच जुना झालाय."

"तेच तर मी सांगून राहिले कधीची," काकू म्हणाल्या, आणि आपल्या खुर्चीत बसल्या. टीव्ही लावला. कुठलीशी मैफल चालू होती, गाणारा नुकताच सुरात येत होता. मी पिशवी भरत होते. तो हळूहळू वर जायला लागला.

काकांनी खुर्चीच्या हातावरचा रिमोट उचलला, नेम धरल्यासारखा टीव्हीकडे केला आणि अंगठ्यानं दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जोर लावून.

"नाहीच होत कमी," ते म्हणाले.

काकूंनी पर्समध्ये हात घातला, आणि आवाज आणखी दोन घरं वर गेला.